गोड वाजणं हा गुन्हा आहे का?

आज नगरपालिका नाही, पाणीपुरवठा नाही, आघाडी-युती तर अजिबात नाही. आज एका फ्रेंच अल्बमबद्दल लिहितोय. नेहमीच्या वाचकांनी घाबरू नये, विषय फिरून आमच्याच धंद्यापाशी येतो.

‘इलेक्ट्रॉनिक संगीत’ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर काय येतं? मिरवणुकीतली डीजेची भिंत आणि छातीत बसणारे हादरे. जानेवारी १९९८ मध्ये आलेला ‘मून सफारी’ हा याच्या अगदी उलट टोकाचा अल्बम. गटाचं नाव ‘एअर’. माणसं दोन, दोघंही पॅरिसजवळच्या वर्सायची. निकोला गोदँ वास्तुशास्त्र शिकलेला आणि जाँ-बेनुआ डंकेल गणिताचा माणूस. (डंकेल म्हटल्यावर माझ्या वयाच्या मंडळींना गॅट करार आठवणार. तो डंकेल वेगळा, या डंकेलवर कुणी मोर्चा काढला नाही.)

त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसच्या डाफ्ट पंक या जोडीने ‘होमवर्क’ आणून जगाला नाचायला लावलं होतं. लोकांना वाटलं, फ्रान्समधून आता असंच धडाधड येत राहणार. आणि आलं काय, तर जुने मूग सिंथेसायझर, इलेक्ट्रिक पियानो, खोल बेस आणि यंत्रातून गाळून आल्यासारखे आवाज. पहिलंच गाणं सात मिनिटांचं आणि त्यात गाण्याचे शब्दच नाहीत. ‘केली वॉच द स्टार्स’ तर ‘चार्लीज एंजल्स’ या जुन्या अमेरिकन मालिकेतल्या केलीवर बेतलेलं. दोन गाणी बेथ हर्श या अमेरिकन गायिकेच्या आवाजात. व्हायोलिनचे ताफे डेव्हिड व्हिटेकर या इंग्रज माणसाने बांधून दिलेले. एकुणात, घाई नावाची गोष्टच नाही.

गंमत म्हणजे फ्रेंच पॉपची वर्षानुवर्षं टिंगल करणाऱ्या ब्रिटननेच हा अल्बम आधी डोक्यावर घेतला. तिथल्या यादीत तो सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. घरच्या यादीत एवढी मजल गेली नाही. गावात किंमत मिळायला आधी बाहेर सत्कार व्हावा लागतो, हा नियम वर्सायलाही लागू दिसतो. समीक्षकांनी गेन्सबुर्गपासून बर्ट बॅकरॅकपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन कौतुक केलं.

पण कौतुकाच्या मागोमाग एक शिक्काही आला: ‘कॉफी टेबल म्युझिक’. दिवाणखान्यात टेबलावर एखादं जाडजूड गुळगुळीत पुस्तक असतं बघा, पाहुण्यांना दाखवायचं आणि कुणी वाचायचं नाही, तसं हे संगीत. कॅफेत वाजवा, हॉटेलच्या लॉबीत वाजवा, चार माणसं जेवायला आली की लावा. आरोप असा, की हे कानाला इतकं गोड आहे की त्यात खोली असणं शक्यच नाही.

मला हा आरोप कधी पटला नाही. मी एअरपर्यंत पोचलो सिनेमातून. पुण्यात पत्रकारितेची पदविका करत होतो तेव्हा रूमवरच्या मित्राच्या कॉम्प्युटरवर ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ बघितला होता. त्यातला क्योटोचा तुकडा एअरचा. तिथून शोधत शोधत ‘मून सफारी’ हाती लागला. पुढे गावाकडे परत येऊन डेस्कवर लागलो. रात्री अकरानंतर तालुक्यातून बातम्या यायच्या. अपघात, विहिरीत उडी, सोयाबीनचे भाव, कुणाची तरी एकसष्टी. एका कानात इअरफोन, त्यात हे चालू आणि समोर चौथं पान. म्हणजे माझ्याकरता ते पार्श्वसंगीतच होतं, समीक्षकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरंच. पण त्या पार्श्वसंगीतामुळे मी मृतांची नावं नीट, न चुकता टाइप करू शकायचो, ही गोष्ट कुठल्या परीक्षणात कशी येणार? आणि शंभर वेळा ऐकल्यावर कळायला लागलं की हे वाटतं तेवढं गोड नाहीच. वर मऊ साय आहे आणि खाली बरीच उदासी आहे. ती ओरडत नाही, एवढंच.

आता धंद्याचं. आमच्याकडे ‘बातमीत दम नाही’ हे वाक्य रोज ऐकू येतं. दम म्हणजे काय? ‘खळबळ’, ‘घणाघात’, ‘हल्लाबोल’. पाणी योजनेच्या हिशेबावर कागद चाळून, शांतपणे, कुणाला शिवी न देता लिहिलं की संपादक म्हणतात, “छान आहे हो, पण सपक आहे.” दोन नगरसेवकांच्या बाचाबाचीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मात्र संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरतो. आवाज चढवला म्हणजे तळमळ आणि खाली ठेवला म्हणजे माणूस मॅनेज झालेला, असा सरळ हिशेब. त्या समीक्षकांच्या तर्कापेक्षा हा तर्क वेगळा आहे का?

चाहत्यांची तऱ्हा आणखी निराळी. एअरने मधे सोफिया कपोलाच्या ‘द व्हर्जिन स्युसाइड्स’ला संगीत दिलं, ते लोकांना आवडलं. मग २००१ मध्ये ‘१०,००० हर्ट्झ लेजंड’ आला. कोरडा, विचित्र, मधेच संगणकाचा आवाज बोलतोय, मधेच बेक हा अमेरिकन गायक माउथ ऑर्गन घेऊन आलाय. झालं! चाहत्यांमध्ये फूट. ज्यांनी आधी ‘फार गोड’ म्हणून नाकं मुरडली होती, त्यांच्यातल्याच काहींना आता गोडवा हवा होता. माझं मत विचाराल तर तो अल्बम अर्धा जमलाय आणि अर्धा गळ्याखाली उतरत नाही. पण धोका पत्करण्याचा त्यांचा हक्क शंभर टक्के होता. २००४ मध्ये ‘टॉकी वॉकी’ आला, रेडिओहेडचे अल्बम करणारा नायजेल गॉडरिच निर्माता होता, आणि सगळ्यांनी हुश्श केलं, आले बाबा ताळ्यावर. गमतीचा भाग असा की त्या रुसव्याच्या अल्बमची वीस वर्षांनी नवी आवृत्ती निघाली आणि आता तो ‘काळाच्या पुढचा’ म्हणून सांगितला जातो.

डाफ्ट पंकचंही २०१३ मध्ये हेच झालं. ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’मध्ये त्यांनी खरे वादक बसवले, वेग उतरवला. ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला, तरी क्लबमध्ये घाम गाळलेले जुने चाहते अजून कुरकुरतात.

२०२४ मध्ये एअरची जोडी पुन्हा दौऱ्यावर निघाली. पांढऱ्या लांबट चौकटीत, पांढरे कपडे घालून, अख्खा ‘मून सफारी’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने. त्याच वर्षी ११ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकच्या समारोपात, स्ताद द फ्रान्सच्या त्या प्रचंड मैदानात, फिनिक्स या वर्सायच्याच बँडबरोबर हे दोघे उभे होते. ज्याला लॉबीतलं संगीत म्हणून बाजूला ठेवलं, ते करणारी माणसं देशाची ओळख म्हणून जगापुढे. आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं, कारण पंचवीस वर्षांनीही लोकांना त्यांच्याकडून तीच दहा गाणी हवी आहेत, त्याच क्रमाने. चाहत्यांचं प्रेम असंच असतं, माणसाला एका फोटोत बसवून भिंतीला लावतं. मी तिथे असतो तर मीही तेच मागितलं असतं, हा भाग वेगळा.

पाणी योजनेचा दुसरा भाग रविवारी टाकतो. आवाज तोच राहील, आकडे मात्र जास्त आहेत. तोवर ‘ला फाम दार्जाँ’ ऐका. सात मिनिटं लागतात, इअरफोन लावा, आणि कुणी सपक म्हणालं तर त्याला कमेंटमध्ये घेऊन या.