आपलाच दंड पुढे करताना

तीस वर्षांच्या सेवेत परिचारिका म्हणून मी हजारो दंडांत सुया टोचल्या. "मुंगी चावल्यासारखे वाटेल, बस्स," असा धीर इतरांना देताना, आपणच कधी टाळाटाळ करू असे मनात आले नव्हते. २०२२ च्या जानेवारीत तसे घडले.

करोनाची लस देशात प्रथम मिळाली ती आम्हा रुग्णसेवकांना, १६ जानेवारी २०२१ पासून. तेव्हा मी आनंदाने रांगेत उभी राहिले होते. वर्षभराने, १० जानेवारी २०२२ पासून, आम्हाला तिसरी मात्रा मिळू लागली. दुसरीनंतर नऊ महिने झालेले असावेत, अशी अट होती. सक्ती मात्र नव्हती. घ्यावी की न घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते.

"दोन झाल्या, आता पुरे," एक सहकारी म्हणाली. दुसरीला ओमायक्रॉनची बाधा झाली. बरे झाल्यावर तीन महिने थांबण्याची सूचना होती. त्या तीन महिन्यांत तिसऱ्या मात्रेचा विषयच तिच्या मनातून गेला. कंत्राटावरील आयाबाई मात्र स्पष्ट बोलल्या, "सिस्टर, ताप आला तर खाडा पडेल. त्या दिवसाचे पैसे कोण देणार?"

आमच्यापैकी कोणी अजाण नव्हते. लसीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांनी ओसरू लागते, हे आम्ही जाणत होतो. तिसऱ्या मात्रेनंतरही संसर्ग होतो, हेही पाहत होतो. आजार गंभीर होऊ नये, हा तिचा खरा उपयोग. माझ्यापुरते सांगायचे तर मी थकले होते. पहिल्या मात्रेनंतर दोन रात्री तापाने फणफणले होते, ती आठवण मला पुरेशी होती.

अशात एके सकाळी लसीकरण कक्षात एक वृद्ध मावशी आल्या. बाही वर करता करता त्या थांबल्या.

"सिस्टर, तुम्ही घेतली ना तिसरी?"

"घेतली की, मावशी," मी म्हणाले.

ते खोटे इतक्या सहजपणे तोंडून निघाले की, सुई टोचून होईपर्यंत मला त्याचे भानही नव्हते. मावशी निश्चिंत मनाने घरी गेल्या. रात्री मधुमेही सासूबाईंच्या ताटात वाढताना तो प्रश्न मला पुन्हा ऐकू आला आणि हात थबकला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या खुर्चीत बसले. ताप आलाच. कामावर परतल्यावर मी आयाबाईंशी बोलले आणि त्यांच्या साप्ताहिक सुटीच्या आदल्या दिवशी त्यांची लस ठरवून दिली. त्यांनी ती घेतली. लस घ्या, असे त्यांना सांगणारे पुष्कळ होतो. त्यांच्या खाड्याचा विचार तोवर कोणीच केला नव्हता.

मावशी पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांना लस दिली ते योग्यच होते, असे मी आजही म्हणेन. पण त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो शब्द खरा नव्हता. त्यानंतर कोणी विचारले की मी सांगत असे, "घेतली. उशिरा घेतली. ताप आला, उतरला."

एवढ्यावर बहुतेक जण बाही वर करीत.