क्रिकेटच्या जाहिरातींची जुनी पोस्टरे

क्रिकेटपटूंच्या जाहिरातींची जुनी पोस्टरे गावाकडे बहुधा दुकानाच्या फळीवर उलटी अंथरलेली सापडतात. प्रवरेकाठच्या कोल्हारात, नगर-मनमाड रस्त्यालगतच्या किराणा व कापड दुकानांतून प्रस्तुत लेखकाला मिळालेली बरीचशी अशीच होती: छापील बाजू खाली, कोऱ्या बाजूवर डब्यांचे तेलकट गोल डाग. दुकानदाराच्या लेखी ती रद्दी. पण कोणी मागतो आहे म्हटल्यावर रद्दीचाही भाव चढतो. दिवाळीआधी फळ्या झाडायला निघतात, तेव्हा चक्कर टाकलेली बरी.

ब्रिलक्रीमचा फारुख इंजिनियर, दिनेश सूटिंगचा सुनील गावसकर, बूस्टचे कपिल देव आणि सचिन तेंडुलकर ही या छंदातली ठळक नावे. विल्सचा कप्पा वेगळा. १९९६ च्या विश्वचषकाला या सिगारेटचेच नाव होते. २००३ च्या कायद्याने तंबाखू कंपन्यांचे खेळांतील प्रायोजकत्व बंद झाले आणि त्यात नवी भर पडणे थांबले. अमेरिकेतील बेसबॉल-संग्राहकांची सर्वांत नावाजलेली वस्तूही सिगारेटच्या पाकिटातलीच. होनस वॅग्नरचे १९०९ च्या सुमाराचे ते चित्रकार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेले. कोल्हारात शंभराच्या नोटेत भागते.

पोस्टरवर साल क्वचितच असते. ते पत्त्यावरून आणि किमतीवरून काढावे लागते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे सहा आकडी क्रमांक दिसला की पोस्टर त्यानंतरचे. किंमत ‘नये पैसे’ अशी असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे.

नकली माल ओळखायला भिंग हवे. ऑफसेट छपाईतले रंगांचे ठिपके ठरावीक रांगांत बसतात, इंकजेटचे विखुरलेले दिसतात. घडीची खूणही तपासावी. नकलेत ती चित्राबरोबर छापून येते आणि बोट फिरवले तर कागद सपाट लागतो.

चिकटपट्टी हा पोस्टरचा खरा शत्रू. एका कापड दुकानातून आलेल्या दिनेशच्या पोस्टरवर गावसकरचा चेहरा शाबूत आहे, पण चारही कोपऱ्यांत गोंद मुरून तपकिरी चट्टे पडले आहेत; ते आता निघणार नाहीत. लॅमिनेशनही करू नये. पोस्टरे आडवी, आम्लविरहित कागदात, कसर लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावीत.

जवळच्या श्रीरामपूरला जन्मलेल्या जहीर खानची पोस्टरे अजून जुन्यात मोडत नाहीत. मिळाली तर आत्ताच ठेवून द्यावीत.