चादरीचा आडोसा

नोव्हेंबर २०२२ मधली सकाळ. कऱ्हाडहून पुण्याला निघालेली एसटी खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढच्या उतारावर आली आणि वळणावर थांबली. हे वळण सातारा-पुणे रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ आहे. एप्रिल २०१८ मध्ये मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो याच ठिकाणी उलटला होता आणि कितीतरी जीव गेले होते. त्या सकाळी दुभाजकाला लागून एक मोटारसायकल आडवी पडली होती, तिच्यापलीकडे तिचा चालक होता आणि त्यांच्याभोवती बघ्यांची गर्दी वाढत होती.

माझी आठ वर्षांची भाची खिडकीशी बसली होती. मी तिचं तोंड वळवायच्या आत कंडक्टरांचा आवाज आला, ‘‘उजवीकडची पोरं इकडं घ्या. सगळी माझ्याकडं पाठवा.’’ बसमध्ये पाच-सहा मुलं असतील. कंडक्टरांनी कातडी पिशवी डावीकडच्या सीटवर रिकामी केली आणि म्हणाले, ‘‘माझं सुट्टं मोजायचं राहिलंय. रुपये वेगळे, दोनचे वेगळे, पाचचे वेगळे. चुकायचं नाही हां.’’ मुलं वाकून बसली. नव्या दहाच्या नाण्यावरून दोघांचं भांडणही झालं.

तेवढ्यात मागच्या सीटवरच्या एक आजी उतरल्या. सत्तरीच्या असाव्यात, अंगावर नऊवारी आणि हातात प्रवासाची कापडी पिशवी. लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या, हे पुढे शिरवळला चहा घेताना कळलं. त्यांनी पिशवीतून सोलापुरी चादर काढली. मला वाटलं, जखमीला पांघरायला असेल. पण त्यांनी चादर उभी धरली. एक टोक आपल्या हातात, दुसरं गर्दीतल्या एका कॉलेजच्या मुलाच्या हातात. जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्यानं चादर शिडासारखी फुगायची आणि खालून सगळं उघडं पडायचं, म्हणून आजींनी खालची कड चपलेखाली दाबून धरली. त्या पूर्ण वेळ रस्त्याकडे तोंड आणि जखमीकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी स्वतःही मागे वळून पाहिलं नाही.

एक जण चादरीच्या वरून मोबाईल धरून शूटिंग करत होता. आजी त्याला एवढंच म्हणाल्या, ‘‘तो खिशात ठेव अन् हे मधलं धर. लोंबतंय.’’ त्यानं मोबाईल खिशात ठेवला आणि खरंच मधलं धरलं. मग एका टेम्पोवाल्यानं ताडपत्री आणली, कुणी ओढणी दिली. १०८ ची गाडी येईपर्यंत रस्त्याकडची बाजू पुरती झाकली गेली होती. आत दोन तरुण त्या माणसाशी बोलत होते आणि त्याची मान हलू देत नव्हते. बाहेरच्या गर्दीला बघायला काही उरलं नाही, तेव्हा ती आपोआप पांगू लागली. अडलेल्या गाड्या सरकल्या आणि रुग्णवाहिकेला वाट मिळाली. त्या माणसाचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही.

ती चादर पाहताना मला माझं लहानपण आठवत होतं. मी सात वर्षांची असताना आमच्या गावाबाहेर एका सायकलस्वाराला ट्रकनं उडवलं. सगळा वाडा धावत गेला. गर्दीत मला दिसेना, म्हणून शेजारच्या काकांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जत्रेत पालखी दाखवतात तसं त्यांनी मला ते दाखवलं. पन्नाशीला आले तरी त्या रस्त्यावरची सांडलेली ज्वारी आणि तिचा झालेला रंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

असं होतं, हे आता शास्त्रानंही मान्य केलं आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. आघातानंतर जडणारा मानसिक विकार केवळ घटना ज्याच्यावर ओढवली त्यालाच होतो असं नाही, ती प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाही होऊ शकतो, असं तिच्यात नोंदवलं आहे. सहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांसाठी तिच्यात वेगळे निकष आहेत, कारण एवढी लहान मुलं मनातलं बोलून दाखवत नाहीत, खेळातून दाखवतात. खेळण्यातल्या मोटारी पुन्हा पुन्हा एकमेकींवर आदळणारं मूल नुसतं दंगा करत असेल असं नाही.

कंडक्टरांच्या नाण्यांचा अर्थ मला नंतर उमगला. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात अपघातानंतर आणलेल्या ७१ जणांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या काहींना अपघातानंतर सहा तासांच्या आत टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात अपघाताची दृश्यं अचानक डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा कमी आढळलं. अभ्यास लहान होता आणि खेळानं आघात पुसला जातो असा दावा कुणी केला नव्हता. पण डोळे आणि बोटं एका कामात गुंतली की मनात चित्र रुजायला जागा कमी उरते, अशी त्यामागची कल्पना. आमच्या कंडक्टरांनी हे कुठे वाचलं असण्याची शक्यता नाही. त्यांना पोरं सांभाळायची सवय होती.

तरीही भाचीनं काहीतरी पाहिलंच होतं. त्या रात्री अंथरुणात तिनं विचारलं, ‘‘मावशी, त्या काकांचा एकच बूट रस्त्यावर का होता?’’ आम्ही समजत होतो, तिच्या नजरेला काही पडलं नाही. माझ्या बहिणीला वाटलं, विषय बदलावा. मला तसं वाटलं नाही. गाडी घसरली, काका पडले, त्यांना खूप लागलं, लोकांनी मदत केली आणि दवाखान्याची गाडी घेऊन गेली, असं आम्ही तिला सांगितलं. ते जगले का, या प्रश्नावर ‘‘आम्हाला माहीत नाही’’ हेच उत्तर दिलं, कारण तेच खरं होतं. मुलांच्या डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं: ती विचारेल तेवढं खरं सांगा, खोदून विचारू नका, पण गप्पही बसवू नका. आडोसा डोळ्यांपुढे धरायचा असतो, सत्यापुढे नाही. झाकलेल्या गोष्टीविषयी घरात कुणी बोललं नाही, तर मूल ती मनानं पुरी करतं, आणि ते चित्र खऱ्यापेक्षा भयंकर असू शकतं.

महिनाभर सगळं ठीक होतं. मग ३० डिसेंबरला क्रिकेटपटू ऋषभ पंतची गाडी रुरकीजवळ दुभाजकाला धडकून पेटली. दिवसभर टीव्हीवर जळती गाडी आणि रक्तानं माखलेला पंत दिसत राहिला. भाचीनं ते पाहिलं आणि बूट पुन्हा तिच्या स्वप्नात आला. महामार्गावर एका अनोळखी आजींनी चपलेखाली कड दाबून जे अडवलं होतं, ते आमच्याच दिवाणखान्यात शिरलं. टीव्ही आम्हीच लावला होता.

त्याच अपघातातली दुसरी गोष्ट मात्र बातम्यांत मागे पडली. पंतच्या मदतीला आधी धावले ते हरियाणा रोडवेजच्या बसचे चालक सुशील कुमार आणि वाहक परमजीत. पंतच्या अंगावर धड कपडे नव्हते, म्हणून त्यांनी आपल्याजवळच्या चादरीत त्याला गुंडाळलं. एसटीतल्या आजी आणि हे दोघे एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण अडचणीच्या वेळी तिघांच्याही हाताला चादरच लागली.

९ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना लेखी सूचना दिली. रक्तबंबाळ माणसं आणि मृतदेह अस्पष्ट न करता, जवळून दाखवणं हे कार्यक्रम संहितेला धरून नाही आणि मुलांच्या मनावर त्याचा परिणाम होतो, असं त्यात म्हटलं होतं. एका क्रिकेटपटूच्या जखमांच्या चित्रणाचा त्यात उल्लेख होता. पण सूचना वाहिन्यांना होती, आपल्या खिशातल्या मोबाईलला नव्हती. आज अपघाताचा व्हिडिओ घरच्यांना निरोप जाण्याआधी गावाच्या ग्रुपवर पोहोचतो.

जपानमध्ये अपघाताच्या जागी निळ्या ताडपत्र्यांचा आडोसा उभा करतात. जर्मनीत महामार्गांवर त्यासाठी घडीच्या भिंती नेतात, आणि २०२१ पासून तिथे मृतांची विटंबना होईल असा फोटो काढणं हा गुन्हा आहे. त्याआधी, मे २०१९ मध्ये, न्यूरेंबर्गजवळ एका पोलीस अधिकाऱ्यानं अपघाताचं शूटिंग करणाऱ्या चालकांना थांबवून दंड केला आणि मृतदेह बघायला या, असं बोलावलं. ती चित्रफीत जगभर फिरली. त्या अधिकाऱ्याचा संताप मला समजतो, पण ती रीत मला पटत नाही. मेलेला माणूस दुसऱ्याला धडा शिकवण्यासाठी रस्त्यावर पडलेला नसतो. आजींनी त्या शूटिंगवाल्याला लाजवलं नाही, कामाला लावलं.

आपल्याकडे २०२२ या एकाच वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दर तासाला १९. महाराष्ट्रातच १५,२२४. त्यातले बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांदेखत गेले असणार, आणि त्या पाहणाऱ्यांत मुलं किती होती हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून हे लिहिलं. अपघात दिसला तर आधी ११२ किंवा १०८ ला फोन करा. पोलिसांच्या झंझटीला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मग चादर काढा. ती जखमीच्या तोंडावर टाकू नका, त्याला हवा लागू द्या. रस्त्याच्या बाजूनं ती उभी धरा, मागून येणाऱ्या गाड्यांना तुम्ही दिसाल अशा जागी, आणि पाठ आतल्या बाजूला ठेवा. आणि महामार्ग पोलिसांना एक विनंती आहे. तुमच्या गस्तीच्या गाडीत शंकू असतात, दोर असतो. त्यांच्या शेजारी दोन बांबू आणि एक जाड पडदा ठेवा.