दहा सेंटांची हळद

निवृत्त शिक्षकाने दिवस कसा घालवावा, याविषयी साताऱ्यात मतभेद नाहीत. सकाळी चार भिंतीपर्यंत फिरून यावे, दुपारी वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचावे आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून देशाचा कारभार चालवावा. मी हे सारे सहा महिने निष्ठेने केले. मग मुलाने आपला जुना कॅमेरा माझ्या हवाली केला. म्हणाला, "बाबा, फोटो काढा आणि इंटरनेटवर विकायला ठेवा. घरबसल्या पैसे मिळतात."

घरबसल्या पैसे! या दोन शब्दांत केवढी मोहिनी आहे!

या धंद्याला स्टॉक फोटोग्राफी म्हणतात. रीत किराणा दुकानासारखीच. आपण चित्रे पाठवायची, कंपनीने पारखून ती फळीवर मांडायची आणि जगात कुणाला मासिकासाठी, जाहिरातीसाठी चित्र हवे असेल त्याने पैसे भरून न्यायचे. गंमत अशी, की विकूनही माल संपत नाही. तेच चित्र शंभर जणांना विकता येते. आणि म्हणूनच त्याला भाव नसतो. न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंजर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली स्वतः काढलेली सुमारे ३०,००० छायाचित्रे मांडून शटरस्टॉक हे दुकान थाटले. आज अशा दुकानांत कोट्यवधी चित्रे आहेत. त्याच शटरस्टॉकने २०२० साली छायाचित्रकाराचा वाटा १५ ते ४० टक्के ठरवला आणि दर १ जानेवारीला सर्वांनी पुन्हा तळाच्या पायरीपासून चढायचे, असा नियम केला. तळाशी एका विक्रीला दहा सेंटच पडावेत, असेही होते. आपले आठ-नऊ रुपये.

साताऱ्याचा माणूस कॅमेरा घेऊन आधी कासलाच जाणार. कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. मीही तेरडा टिपला, सीतेची आसवे टिपली. चित्रे पसंत झाली. पण गिऱ्हाईक फिरकेना. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. माझ्या तेरड्याला तेवढेही भाग्य नव्हते. कासची फुले हजारोंनी टिपलेली आहेत. विकली गेली ती पांढऱ्या बशीतल्या कंदी पेढ्यांची तसबीर! या बाजारात सौंदर्यापेक्षा उपयोगाला मान. जे आपण रोज पाहतो आणि पाहण्याजोगे समजत नाही, तेच कुणाला तरी दूरदेशी हवे असते.

सांगलीला माझी धाकटी बहीण असते. यंदा मार्चमध्ये तिच्याकडे गेलो, तेव्हा मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात होते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिचा खरा दाखला म्हणजे तिथली हवा. श्वास घेतला तरी पिवळा वाटतो. एका गोदामात बायका हळद निवडत बसल्या होत्या. त्यांतल्या एका म्हातारीचा चेहरा असा काही उजळला होता, की माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला.

पण अशा चित्राला नुसता कॅमेरा पुरत नाही. चेहरा ओळखू येत असेल, तर जाहिरातीसाठी विकताना त्या माणसाची लेखी संमती लागते. माझ्याजवळचा कागद इंग्रजी. मी शेजारी बसून तो मराठीत सांगितला. सांगताना माझाच आवाज बारीक होत गेला.

"म्हंजी गुरुजी, माजं त्वांड कुटं बी लावत्याल?"

"कुठंही, अक्का. मलमाच्या डबीवर, बँकेच्या पाटीवर."

"आन् मला कळनार?"

"नाही. मलाही कळणार नाही."

"मग मला काय?"

तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले. एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या कागदात तिची सही होती, साक्षीदाराची सही होती. तिचा वाटा मात्र कुठे नव्हता. अक्काने माझी अडचण ओळखली. म्हणाली, "त्वांड ऱ्हाऊ द्या. हात काढा. हात कुनाचं बी म्हनत्याल." मी हात टिपले. चिरा पडलेले, नखांपर्यंत पिवळे झालेले. चेहरा नसेल तर सहसा हा कागद लागत नाही. "पण जे मिळेल त्यात निम्मे तुमचे," मी म्हटले. ती हसली. तिला असे पुष्कळ भेटले असावेत.

ते हात आजवर ३१ वेळा विकले गेले. मिळाले ४ डॉलर १० सेंट. साऱ्या चित्रांची मिळून १९ डॉलरची कमाई झाली आहे. आणि आमच्या कंपनीत २५ साठल्याखेरीज पैसा हाती पडत नाही. सातारा-सांगली एसटीचे भाडे मी अजून धरलेलेच नाही. घरबसल्या श्रीमंत होऊ पाहणाऱ्या तरुणांनी हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा. पेन्शनला जोड म्हणून ठीक, पेन्शनच्या जागी नव्हे.

तरी वहीत एक पान अक्काच्या नावाचे केले आहे. गेल्या महिन्यात गोदामात जाऊन तिला ते दाखवले. तिच्या वाट्याचे पावणेदोनशे रुपये पदरचे पुढे केले, तर तिने हात मागे घेतला.

"तुमचं तुमाला मिळालं का?"

"अजून नाही."

"मग ऱ्हाऊ द्या वहीत. मिळालं की द्या. उधारीची दिवाळी नगं आपल्याला."

सोबत नेलेले कंदी पेढे मात्र तिने आनंदाने घेतले.