नांदगांवचा खंडेश्वर

ग्रीस देश पाहून परतलेला आमचा पुतण्या दिवाळीस अमरावतीस आला, तेव्हां त्याच्या तोंडीं एकच विषय होता : डेल्फीचें अपोलो-क्षेत्र. पर्वताच्या उतारावरील ते भग्न स्तंभ, चुन्यावांचून सांधलेली बहुकोनी चिऱ्यांची ती भिंत आणि तिच्यावर कोरलेले शेंकडों लेख ! "काका, दासाला मुक्त करावयाचें तर तो देवास विकला असा लेख करीत आणि तो त्या भिंतीवर कोरीत," असें तो सांगे, आणि आम्ही तल्लीन होऊन ऐकत असूं. एके दिवशीं मीं सहज विचारलें, "अरे, नांदगांवचा खंडेश्वर पाहिला आहेस काय ?" तो ओशाळला. समुद्रापलीकडील क्षेत्र त्यानें डोळे भरून पाहिलें होतें. आपल्याच जिल्ह्यांतलें राहिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं तो, त्याची काकू व मी असे तिघे बडनेऱ्यावरून यवतमाळच्या रस्त्यास लागलों. दुतर्फा काळीभोर जमीन, फुटलेला कापूस आणि फुलावर आलेली तूर. वऱ्हाडांतला कार्तिक असा भरल्या घरासारखा दिसतो.

देवळाचा काळा पाषाण दिसतांच तो म्हणाला, "हेमाडपंती !"

"नांव तेंच, पण हिशेब करून पाहा," मी म्हणालों. या देवालयांतील शिलालेख शके ११७७ चा, म्हणजे देवगिरीच्या कृष्ण यादवाच्या अमदानींतला. हेमाद्रिपंडित नांवारूपास आला तो कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव याच्या कारकीर्दींत. आणि महादेव गादीवर बसला तो इ. स. १२६१ च्या सुमारास. अर्थात् पंतांच्या प्रधानकीपूर्वींच येथें घंटा वाजत होती. चुन्यावांचून दगडावर दगड बसविण्याची रीत तर त्याहूनही जुनी. अंबरनाथच्या देवळांतील लेख शके ९८२ चा आहे. लोकांनीं सारें श्रेय एका कर्तबगार प्रधानाच्या पदरीं टाकलें, आणि ज्यांच्या छिन्नीनें हे चिरे घडले ते पाथरवट अनामिकच राहिले. कोरलेलीं अक्षरें टिकलीं, म्हणून खरा काळ तरी आपणांस कळतो.

इतक्यांत काकूनें कुंकवाची कोयरी उघडली व जवळच्या एका कोरीव दगडास बोट लावणार, तोंच पुतण्या म्हणाला, "काकू, तेथें नका लावूं. तेलाकुंकवाचीं पुटें चढतां चढतां कोरीव काम बुजून जातें."

"देवाच्या दारीं आलें, तर कुंकूही वाहूं नको ?" तिनें विचारलें.

तेव्हां तो समजावून सांगूं लागला. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन बादशहा थिओडोसियस यानें जुन्या देवांची पूजा बंद केली. पुढें डेल्फीच्या अवशेषांवर एक गांवच वसलें. इ. स. १८९२ मध्यें फ्रेंच संशोधकांनीं मोठें उत्खनन आरंभिलें, तेव्हां तें सबंध गांव दुसरीकडे हलवावें लागलें. "तेथें एकेक अक्षर मातींतून शोधून काढलें, काकू. आपण मात्र डोळ्यांपुढचीं अक्षरें आपल्याच हातांनीं झांकून टाकतों."

तिनें सारें शांतपणें ऐकलें, मग म्हणाली, "खरें आहे तुझें. पण तुझ्या त्या डेल्फीस तिन्हीसांजेला दिवा कोण लावतें ?"

तो क्षणभर थबकला. "कोणी नाहीं, काकू."

ती कांहीं बोलली नाहीं. कोयरी घेऊन आंत गेली, पिंडीपुढें बसली आणि कुंकू तेथेंच वाहिलें. कोरीव दगडाकडे तिचें बोट पुन्हां वळलें नाहीं. दोघांचेंही म्हणणें राखलें गेलें !

वाचकहो, जुन्या देवळांत जाल तेव्हां एवढें ध्यानांत असूं द्या. जेथें पूजा मोडली, तेथें दगडांचा सांभाळ पुढें विद्वानांनीं केला. जेथें ती चालू आहे, तेथें तो सांभाळ भक्तांनींच केला पाहिजे. देवास वाहावयाचें तें देवापुढें ठेवावें. लेखावर तेल, रंग वा चुना चढूं देऊं नये. आठ शतकांमागील माणसानें आपणांस उद्देशून लिहिलेलें तें पत्र होय.

परततांना पुतण्यानें टिपणवही काढली. डेल्फीच्या पुढचें पान कोरें होतें. त्याच्या माथ्यावर त्यानें लिहिलें : नांदगांव खंडेश्वर, शके ११७७.