दप्तरातली फारसी, घरातली बोली

मुलांनो, शाळेला निघताना पाठीवर काय घेता? दप्तर. त्यात कागद. आजोबांच्या वेळी तर दौत आणि शाईसुद्धा असे. दप्तर, कागद, शाई, दरवाजा, बाजार हे सारे शब्द मराठीत फारसीतून आले, बरं का!

ही फारसी आपल्या खानदेशात कशी आली? ते सांगायला मी चौथीच्या मुलांना थाळनेरला नेलं. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात तापीकाठी हे गाव आहे. तिथल्या जुन्या घुमटांपाशी एकानं विचारलंच, "बाई, हाई काय शे?"

या फारुकी राजांच्या कबरी. १३७०च्या सुमारास दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं मलिक राजाला थाळनेरचा मुलूख दिला. पुढे राजधानी बऱ्हाणपूरला गेली. ते आज मध्य प्रदेशात आहे. १६०१मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. दरबारात फारसीचा मान मोठा. पण बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी राजानं अरबीसोबत संस्कृत लेखही कोरवला. अकबराचा फारसी लेखही तिथंच. एकाच मशिदीत तीन भाषा!

आजच्या इराणमध्येही असंच आहे. शाळा-कचेरीत फारसी, पण कितीतरी घरांत अझेरी, कुर्दी, बलुची किंवा अरबी बोलतात. आपल्याकडे नाही का? शाळेत मराठी. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी लेवा बोली, कुणी गुजरी, पावरी, भिली, तर कुणी उर्दू.

आता एक कबुली देते. माझ्या वर्गात एक पावरा मुलगी आहे. ती वर्षभर गप्प असे. मला वाटलं, हिला काही येत नाही. त्या दिवशी तापीकाठी ती धाकट्या भावाला झाडं, पाखरं दाखवून त्यांची नावं सांगत होती. भराभर, न अडखळता! त्यातली कितीतरी झाडं मला मराठीतही ओळखता आली नसती. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

बहिणाबाई चौधरी कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या घरच्या बोलीतली गाणी आज आपण पुस्तकात शिकतो.

आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर पहिले दहा शब्द तिचे आहेत, पावरीतले. तुम्हीही आज आजीला विचारा आणि तिच्या बोलीतले दहा शब्द वहीत लिहून ठेवा.