आधी मीटर, मग गोदाम

कुंभार पिंपळगावात धान्याला मोठं गोदाम हवं, असा धोशा मी बरीच वर्षं लावला. गोदामाला आजही माझा विरोध नाही, पण पहिली मागणी म्हणून मी ते आता मागणार नाही.

मन फिरवलं तुरीने. भुंगा साठवणीत लागतो, असंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याची मादी शेतातच, पिकत्या शेंगांवर अंडी घालते. अळी दाण्यात बसूनच पोत्यात येते. मग भिंती कितीही पक्क्या बांधा. सोयाबीनचं दुखणं निराळं. काढणीला आणि परतीच्या पावसाला एकच मुहूर्त. हमीभाव केंद्राची अट 12 टक्के ओलाव्याची; 2024 मध्ये सरकारने ती 15 पर्यंत सैल केली, तीही ओरड झाल्यावर. गावात मात्र ओलावा बघायचा दाणा दाताखाली धरून. मीटर असतो घेणाऱ्याच्या टेबलावर, आणि आकडाही तोच सांगतो.

लुधियानाच्या 'सिफेट' संस्थेच्या 2015 च्या अहवालात कडधान्यांची नासाडी 6.36 ते 8.41 टक्के दिली आहे. त्यातला मोठा वाटा कापणी-मळणीतच जातो, साठवणीत त्याहून कमी. हे वाचल्यावर गोदामाचा हट्ट धरवेना.

आणि साठवणीला गोदामच लागतं असंही नाही. आपल्याकडे ज्वारीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, होती. पेव उघडलं की आत उतरण्याआधी कंदील सोडून बघत, कारण आतल्या हवेत माणूस गुदमरून मरायचा. किडेही त्याच हवेने मरत. आजच्या हवाबंद पिशव्यांचं तत्त्व तेच आहे, फक्त माल कडकडीत वाळलेला हवा. ओला भरला तर बुरशी ठरलेली. घरात विषारी गोळ्या टाकून झोपण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गोदामाची एक बाजू मात्र खरी. पणन मंडळाच्या तारण योजनेत ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने मिळतं, त्यामुळे पडत्या भावात विकायची घाई राहत नाही. पण तिथेही माल वाळलेला आणि स्वच्छच लागतो.

म्हणून आधी सामायिक पक्कं खळं, ताडपत्र्या आणि ओलावा मोजायचा मीटर. ट्रॉलीवरही ताडपत्री हवी, आणि पोती उचलताना हुक नको. हुकाच्या भोकांतून रस्ताभर दाणे सांडतात. पुढच्या ग्रामसभेत गोदामाचा ठराव जरूर मांडा, पण मीटरचा त्याआधी मंजूर करून घ्या.